गृहपाठासाठी भरवशाचे स्रोत: प्रकल्पाच्या नोंदी

९ जून २०२५ : आराखडा

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी तीन गोष्टी तयार करायच्या आहेत. स्रोतांची एक छापील यादी, शोध कसा घ्यायचा ते सांगणारं एक पानी कार्ड आणि सापडलेलं उत्तर स्रोतासकट लिहून ठेवायला टिपणपत्र. ॲप करायचं नाही. ॲप केलं की ते सांभाळायला कायमचा माणूस लागतो. कागद फाटला तर पुन्हा छापता येतो.

यादीचे रकाने: नाव, पत्ता, भाषा, कोण चालवतं, कशासाठी, शेवटचं कधी तपासलं. यातला ‘कशासाठी’ हा रकाना सक्तीचा. तो एका ओळीत भरता आला नाही तर ती साइट यादीत घ्यायची नाही. मुलांच्या बाबतीत हमखास होतं ते असं: कुणी तरी एक साइट चांगली म्हणून सांगितली की ग्रहांपासून लोकसंख्येपर्यंत सगळं ती तिथेच शोधतात. साइट सरसकट भरवशाची नसते, विशिष्ट प्रश्नापुरती असते. बाकी सगळं काम याच्या आधाराने करायचं.

यादी एका पानात मावली पाहिजे, म्हणजे फार तर पंधरा-वीस नावं. त्याहून लांब यादी कुणी वाचत नाही. सरळ गूगल उघडतात आणि पहिल्या दुव्यावर टिचकी मारतात. तो पहिला दुवा बऱ्याचदा जाहिरात असतो, वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेली. कार्डावर ही ओळ हवीच: ‘प्रायोजित’ दिसलं की खाली सरका.

१२ जून : शोधाआधीचं काम

मुलं शोधपट्टीत काय लिहितात ते आज पाहिलं. विषय जसा दिलाय तसाच आणि शेवटी ‘माहिती’, ‘निबंध’ किंवा ‘मराठी’. ‘जलप्रदूषण निबंध माहिती मराठी’ असं लिहिलं की नेमकी त्याच शीर्षकाची पानं वर येतात. ती पानं त्या शब्दांवर वर यावीत म्हणूनच लिहिलेली असतात. त्यांत लेखकाचं नाव नसतं, तारीख नसते, आकडा असला तर तो कुठून आला ते नसतं. एका पानावरचा मजकूर दुसऱ्यावर थोडा फिरवून टाकलेला असतो. तपासायचं तर त्यातलं आठ-दहा शब्दांचं एखादं वाक्य उचला, दुहेरी अवतरणचिन्हांत घाला आणि शोधा. तेच वाक्य पाच-सात ठिकाणी शब्दशः निघालं तर त्यातलं एकही पान स्रोत म्हणून चालणार नाही.

म्हणून कार्डाचा पहिला भाग कीबोर्डला हात लावायच्या आधीचा आहे. विषय कागदावर लिहायचा. त्याखाली तीन प्रश्न काढायचे: एक ‘किती’चा, एक ‘का’चा, एक ‘कुठे किंवा कधी’चा. जलप्रदूषणात ‘नदीच्या पाण्यात प्राणवायू किती असला की मासे जगतात’, ‘सांडपाण्यामुळे तो कमी का होतो’ आणि ‘हे मोजतात कुठे’. एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा. त्यातले नामवाचक दोन-तीन शब्द ठेवायचे आणि ‘म्हणजे काय’, ‘सांगा’, ‘माहिती’, ‘निबंध’ गाळायचे.

दुसरी पायरी इंग्रजी संज्ञेची. मराठीत चांगली पानं कमी आहेत, हे मान्य करून पुढे जावं लागतं. संज्ञा मिळवायची सगळ्यात सोपी वाट: मराठी विकिपीडियावर विषयाचा लेख उघडायचा, शीर्षकाशेजारच्या भाषांच्या यादीतून इंग्रजी निवडायचं, वर जे शीर्षक दिसेल ती संज्ञा. लेख दोन ओळींचा असला तरी चालतो, कारण आपल्याला त्यातलं फक्त भाषांचं दार हवं असतं. तिथे लेखच नसेल तर शासनाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, त्यांत पाहायचं. इंग्रजी लेख जड गेला तर याच यादीत ‘सिंपल इंग्लिश’ म्हणून वेगळी आवृत्ती मिळते. तिच्यात वाक्यं लहान असतात. सगळ्या विषयांवर लेख नाहीत, पण शालेय विज्ञानाचे बरेच आहेत.

१३ जून : टंकलेखनाच्या अडचणी

या नोंदीत बारीकसारीक गोष्टी आहेत, पण मुलं नेमकी इथेच अडकतात.

शोध एका साइटपुरता मर्यादित करायचा तर ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत, त्याला चिकटून अपूर्णविराम (कोलन) आणि त्याला चिकटून पत्ता असं लिहावं लागतं. मधे जागा सोडली की ते चालत नाही. मराठी कीबोर्ड चालू असेल तर मुलं कोलनच्या जागी विसर्ग टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकासाठी ती वेगळी अक्षरं आहेत. गूगल काही चूक दाखवत नाही, नेहमीसारखे निकाल देतं आणि मूल समजतं की शोध त्या साइटवरच झाला. खूण सांगून ठेवली: निकालांत दुसऱ्या साइटचं नाव दिसलं की कोलन तपासा.

‘नको’ असलेला शब्द वगळण्यासाठी वजाचं चिन्ह शब्दाला चिकटून, त्याआधी एक जागा. जलप्रदूषणाच्या शोधात ‘निबंध’ असा वगळला की निकाल एकदम सुधारतात. सगळ्या युक्त्यांत मुलांना सगळ्यात लवकर पटणारी हीच, त्यामुळे कार्डावर ती वर घेतली.

‘दऱ्या’, ‘पायऱ्या’ यांतला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो आणि आतून दोन्हींचे सांकेतिक क्रमांक वेगळे असतात. अवतरणचिन्हांत घालून नेमका शोध घेतला तर एका पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीच्या पानांशी जुळेलच असं नाही. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. मराठीत अवतरणचिन्हं वापरायची तर शक्यतो असे शब्द टाळून.

जुन्या मराठी पीडीएफची वेगळीच गोची आहे. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक संकेताच्या) आधीच्या फाँटमध्ये केलेली फाइल डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण तिच्यातलं वाक्य उचलून चिकटवलं की रोमन अक्षरांचा चिवडा येतो. अशा फाइलमध्ये मराठी शब्द शोधताही येत नाही. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘त्यात नाही’ असा घ्यायचा नाही. अनुक्रमणिका पाहून पान गाठायचं. मजकूरच हवा असेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडायची. अक्षरं ओळखून दिली जातात. जोडाक्षरं आणि आकडे मात्र मूळ पानाशी ताडून घ्यायचे.

१९ जून : मराठी विश्वकोश यादीत कुठे बसतो

मराठीत सर्वांत वजनदार स्रोत हाच, त्यामुळे ‘कशासाठी’ रकाना इथे नीट भरायला हवा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ चा. मुख्य खंडांतल्या कितीतरी नोंदी सत्तर आणि ऐंशीच्या दशकात लिहिल्या गेल्या. आता सगळं ऑनलाइन आहे आणि तिथे जुनी नोंद नव्या नोंदीइतकीच ताजी दिसते.

अडचण अशी की प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह ठरवलं ते २४ ऑगस्ट २००६ रोजी, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या सभेत. त्याआधीच्या दशकांत लिहिलेल्या कोशात ग्रह नऊच असणार. ती कोशाची चूक नव्हे. म्हणून रकान्यात असं लिहिलं: व्याख्या, इतिहास, रचना, प्रक्रिया यांसाठी उत्तम, मोजदाद, विक्रम, लोकसंख्या, ‘सर्वांत मोठा’ यांसाठी नाही.

विश्वकोशाच्याच ज्ञानमंडळांनी (विषयवार तज्ज्ञगटांनी) लिहिलेल्या नव्या नोंदी वेगळ्या साइटवर आहेत. त्यांत शेवटी संदर्भ, समीक्षकाचं आणि लेखकाचं नाव असतं. मुलांना ‘लेखक कुठे शोधायचा’ हे दाखवायला ही पानं फार सोयीची, कारण नाव वर नसून खाली असतं आणि ते शोधायची सवय लागते. सजीव आणि पर्यावरणासाठी कुमार विश्वकोश. भाषा सोपी, नोंदी आटोपशीर.

बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात. ती यादीत पहिल्या क्रमांकावर. मुलं हसतात, पण वरच्या किंवा खालच्या इयत्तेच्या पुस्तकात तोच विषय कसा आलाय हे पाहणं बहुतेकांना सुचत नाही. संज्ञाही तिथे अचूक मिळतात.

२४ जून : इंग्रजी स्रोत आणि तारखेचा प्रश्न

घेतलेले: ब्रिटानिका किड्स (सर्वसाधारण नोंदी, वयानुसार पातळी), नासा स्पेस प्लेस (सूर्यमाला, अवकाश), अवर वर्ल्ड इन डेटा (जगाचे आकडे आणि आलेख), जागतिक बँकेची खुली आकडेवारी (देशवार तुलना), कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (प्रयोगांच्या हलत्या प्रतिकृती, काही मराठीतही). फेटबद्दल ‘कशासाठी’त लिहिलं: ‘का’च्या प्रश्नासाठी. तिथून आकडा उचलायचा नसतो, तिथे तार जोडून दिवा पेटतो का ते पाहायचं असतं.

अवर वर्ल्ड इन डेटावर प्रत्येक आलेखाखाली मूळ आकडे कुणाचे ते लिहिलेलं असतं. टिपणपत्रात तेही नाव यायला हवं. आलेख करणारे आणि मोजणारे वेगळे असतात.

तारखेसाठी उदाहरण शोधत होतो, ते शनीने दिलं. ‘सर्वांत जास्त उपग्रह कोणत्या ग्रहाला?’ ऑक्टोबर २०१९ मध्ये शनी ८२ वर पोहोचून गुरूच्या पुढे गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरू ९२ वर जाऊन पुढे. त्याच वर्षी मे महिन्यात शनी १४५, पाठोपाठ १४६. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळून शनीचे २७४ झाले. म्हणजे २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये लिहिलेल्या लेखात ‘गुरू’ असेल तर तो लेख त्या दिवशी बरोबर होता. अशा वेळी पाच साइट उघडून बहुमत घेण्यात अर्थ नाही, जुनी पानं नेहमीच जास्त असतात. तारीख पाहायची आणि तारखेसकट उत्तर लिहायचं: ‘मार्च २०२५ पर्यंत २७४’.

पानावर तारीख नसेल तर? तळाशी जे कॉपीराइटचं वर्ष असतं ते आपोआप बदलतं, त्यावर विसंबू नये. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकला की ते पान कधीपासून तिथे आहे आणि पूर्वी त्यात काय होतं हे बऱ्याचदा दिसतं.

१ जुलै : कार्डाचा गाभा, पान सोडून बाहेर पाहणं

विश्वासार्हता तपासण्यासाठी मुलांना सहसा कसोट्यांची यादी दिली जाते: ताजं आहे का, विषयाशी संबंध आहे का, लिहिणाऱ्याचा अधिकार काय, अचूक आहे का, हेतू काय. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या विद्यापीठ ग्रंथालयात २००४ मध्ये आलेली ही पद्धत, तेव्हापासून सगळीकडे झिरपली. तिच्यात दोष एकच, पण मोठा. सगळे प्रश्न त्याच पानाला विचारले जातात. फसवणाऱ्या पानाला या सगळ्यांची तयार उत्तरं देता येतात.

झाडावरचा ऑक्टोपस घ्या. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलात झाडावर राहणारा, नामशेष होत चाललेला ऑक्टोपस वाचवा, असं सांगणारी साइट १९९८ पासून आहे. पूर्ण थापेबाजी. पण तीत छायाचित्रं आहेत, शास्त्रीय नाव आहे, खऱ्या संस्थांचे दुवे आहेत. कसोट्यांच्या यादीत हे पान उत्तीर्ण होतं. पान सोडून बाहेर शोधलं तर काही सेकंदांत कळतं की ही प्रसिद्ध थाप आहे.

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी ४५ जणांना पडद्यासमोर बसवून पाहिलं होतं: १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळणीकार, २५ विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरून खाली वाचत राहिले, बोधचिन्ह आणि नावाच्या भारदस्तपणाला भुलले. तथ्यपडताळणीकार पान जवळजवळ न वाचताच नवी टॅब उघडून ‘हे कोण?’ ते बाहेर शोधू लागले आणि कमी वेळात बरोबर निष्कर्षाला आले. कार्डाचा गाभा यावर उभा केला:

पान उघडलं की आधी संस्थेचं किंवा लेखकाचं नाव उचला. नवी टॅब. नाव टाका आणि त्या संस्थेची स्वतःची साइट वगळून दुसरे काय म्हणतात ते वाचा. मग मूळ टॅबवर परत या आणि वाचायचं की बंद करायचं ते ठरवा.

मुलं करतात ती गडबड अशी: बाहेर शोधायला सांगितलं की त्याच साइटचं ‘आमच्याविषयी’ पान उघडतात. ते बाहेर पडणं नव्हे. म्हणून कार्डावर ‘नवी टॅब’ हे शब्द ठळक केले आणि ‘आमच्याविषयी’वर फुली मारली. गूगलच्या निकालाशेजारी तीन टिंबं असतात. ती दाबली की स्रोताची थोडक्यात ओळख येते, तीही चालेल.

पत्त्याच्या शेपटीबद्दलचा एक गैरसमजही इथेच निपटला. ‘डॉट ऑर्ग’ म्हणजे संस्था, म्हणजे खरं, असं मुलांना शिकवलेलं असतं. ‘डॉट ऑर्ग’ कुणालाही घेता येतो. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ फक्त सरकारी कार्यालयांना मिळतो. ‘डॉट ईडीयू’ २००१ पासून अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांनाच. तरी तिथेही एखाद्या विद्यार्थ्याने टाकलेलं पान असू शकतं. शेपटीवरून दार कुणाचं ते कळतं, आत बसून कोण बोलतंय ते नाही.

८ जुलै : पूर्ण केलेला नमुना, एव्हरेस्टची उंची

कार्डाच्या मागच्या बाजूला एक उदाहरण अथपासून इतिपर्यंत सोडवून द्यायचं ठरलं. जलप्रदूषण फार पसरट, म्हणून एव्हरेस्ट घेतलं. एका आकड्याचा प्रश्न असूनही चार उत्तरं मिळतात: ८८४८, ८८५०, ८८४४.४३ आणि ८८४८.८६ मीटर.

मुलं इथे दोनपैकी एक करतात. पहिलं दिसेल ते लिहितात किंवा ‘इंटरनेटवर काहीही असतं’ म्हणून सोडून देतात. नमुन्यात दाखवायचं ते हे की चारही आकड्यांना मागे माणसं आणि मोजणी आहे. ८८४८ हा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १९५५ चा. ८८५० हा १९९९ च्या अमेरिकी मोहिमेने उपग्रहांच्या साहाय्याने काढलेला. ८८४४.४३ चीनने २००५ मध्ये जाहीर केला, पण तो खडकाच्या माथ्यापर्यंतचा, वरचं बर्फ सोडून. ८८४८.८६ नेपाळ आणि चीनने ८ डिसेंबर २०२० रोजी मिळून जाहीर केला, बर्फासकट.

यातून कार्डावर एक ओळ गेली: आकडे जुळत नसतील तर ‘कोणाचा खरा’ विचारण्याआधी ‘कुणी, कधी आणि काय मोजलं’ विचारा. उत्तरपत्रिकेत ८८४८.८६ लिहायचं. पाठ्यपुस्तकात ८८४८ असेल तर दोन्ही लिहून कारण द्यायचं. शिक्षक गुण कापतील ही भीती मुलं बोलून दाखवतात. कारण लिहिलं असेल तर सहसा कापत नाहीत.

१० जुलै : विकिपीडिया

‘विकिपीडिया चालेल का’ यावर फार वेळ घालवायचा नाही. सुरुवात करायला चालेल, संदर्भ म्हणून लिहायला नाही. मुलांनी तिथे पाहायचं ते असं: वाक्याच्या शेवटी चौकटी कंसातला आकडा आहे का, तो दाबल्यावर खालचा संदर्भ उघडतो का, आणि उघडलेल्या पानात खरंच ते वाक्य आहे का. तिसरी पायरी कुणीच करत नाही आणि खरी पडताळणी तीच आहे. ‘इतिहास पहा’ आणि ‘चर्चा’ या टॅब एकदा उघडून दाखवाव्यात. वाद कुठे आहे ते चर्चेत कळतं.

गोल फिरणाऱ्या संदर्भाचं उदाहरण ठेवलं आहे. २००८ मध्ये कोआटी नावाच्या प्राण्याच्या इंग्रजी लेखात कुणी तरी गंमत म्हणून लिहिलं की याला ब्राझीलचा आर्डव्हार्क असंही म्हणतात. तिथून ते वर्तमानपत्रांत गेलं, पुस्तकात गेलं आणि मग वर्तमानपत्राचाच संदर्भ त्या वाक्याला लागला. दोन स्रोत जुळले म्हणजे दोन साक्षीदार मिळाले असं नाही. दुसऱ्याने पहिल्यावरूनच घेतलं आहे का ते पाहावं लागतं.

१७ जुलै : चित्रं

प्रकल्पवहीत चित्रं गूगलच्या चित्रशोधातून येतात आणि खाली ‘स्रोत: गूगल’ लिहिलेलं असतं. गूगल हा स्रोत नव्हे. चित्रावर टिचकी मारून ते ज्या पानावर आहे तिथे जायचं आणि खालची ओळ वाचायची.

ती ओळ का वाचायची याला कृष्णविवराहून चांगलं उदाहरण नाही. कृष्णविवराची पहिली प्रत्यक्ष प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाली, एम ८७ या दीर्घिकेतली. अंधुक नारिंगी कडं. शोधात मात्र झगझगीत निळी-जांभळी चित्रं दिसतात आणि मुलं ती ‘फोटो’ म्हणून चिकटवतात. ती चित्रकारांनी किंवा संगणकाने काढलेली असतात आणि नासासारख्या साइटवर खाली तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. दुसऱ्या साइटवर गेलं की ओळ गळते, चित्र उरतं.

चित्र मुळात कुठलं ते शोधायला गूगल लेन्स किंवा टिनआय. टिनआयमध्ये ‘सर्वांत जुनं’ अशी क्रमवारी लावता येते; पण ते टिनआयला पहिल्यांदा दिसल्याची तारीख दाखवतं, चित्र काढल्याची नाही. वापरायला मोकळी चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर, परवान्याच्या ओळीसकट. ती ओळ चित्राखाली तशीच उतरवायची.

२३ जुलै : चॅटबॉट

टाळून चालणार नाही, मुलं वापरतातच. आधी वयाचं: चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांना ते वापरता येत नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. पाचवी-सहावीचा प्रश्न तिथेच मिटतो. शोधाच्या वर आपोआप येणारा तयार सारांश मात्र सगळ्यांना दिसतो, म्हणून कार्डावर जागा दिली.

कुठे चालतं: प्रश्नाचे उपप्रश्न काढायला, इंग्रजी संज्ञा सुचवायला, अवघड परिच्छेद सोपा करायला. कुठे चालत नाही: आकडा, तारीख, अवतरण आणि सगळ्यात जास्त म्हणजे संदर्भ. मागितले तर पुस्तकांची नावं लेखक, वर्ष, पानासकट देतो आणि त्यातली काही अस्तित्वातच नसतात. तो माहिती कपाटातून काढून देत नाही, शोभेल असा पुढचा शब्द जुळवत जातो. खऱ्या लेखकाच्या नावापुढे न लिहिलेलं पुस्तक यायचं ते त्यामुळे.

पडताळणी दोन पायऱ्यांची. पुस्तक असेल तर वर्ल्डकॅटसारख्या ग्रंथालयांच्या सामायिक यादीत नाव टाकायचं. शोधनिबंध असेल तर त्याचा डीओआय (निबंधाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक) डीओआयच्या साइटवर टाकायचा आणि उघडलेल्या लेखाचं शीर्षक ताडायचं. क्रमांक खरा पण लेख भलताच, असंही निघतं. सारांशाखाली दुवे असतील तर दुवा उघडून ते वाक्य पानात आहे का पाहायचं. विकिपीडियाची तिसरी पायरीच इथेही.

२८ जुलै : संगणकाची मांडणी

थोडक्यात. गूगलच्या सेफसर्चला तीन पर्याय आहेत: गाळणे, अंधुक करणे, बंद. ‘अंधुक’मध्ये फक्त चित्रं झाकली जातात, मजकूर आणि दुवे राहतात, मुलांसाठी ‘गाळणे’ निवडायचं. अनेक संगणक असतील तर नेटवर्कच्या डीएनएसमधूनच (साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणाऱ्या व्यवस्थेतूनच) सेफसर्च पक्कं करता येतं, मग प्रत्येक ब्राउझर हाताळावा लागत नाही. यूट्यूबचा प्रतिबंधित मोड यूट्यूबच्या सेटिंगमधून लावला तर तो त्या ब्राउझरपुरताच असतो. दुसरा ब्राउझर उघडला की तो नसतो.

पालकांना एवढंच सांगायचं की ही गाळणी अश्लील आणि हिंसक मजकुराची आहे. खोटं-खरं ती पाहत नाही.

४ ऑगस्ट : टिपणपत्र

पोस्टकार्डाच्या आकाराचं, एका स्रोताला एक. रकाने: माझा प्रश्न; उत्तर माझ्या शब्दांत; कुणी लिहिलं; कधी लिहिलं; पत्ता; मी कधी पाहिलं; बाहेर कुणाला विचारलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर पत्र अपुरं.

‘माझ्या शब्दांत’ हे नुसतं सांगून होत नाही. टॅब उघडी असली की नजर तिकडे जाते आणि हात उतरवत राहतो. क्रम असा ठेवला: वाचा, टॅब झाका, तीन ओळी लिहा, टॅब उघडा, फक्त आकडे आणि नावं तपासा. वाचून झाकल्यावर एकही ओळ सुचली नाही तर पान मुलाच्या पातळीबाहेरचं आहे; तेच पुन्हा वाचायला लावण्यापेक्षा यादीतला खालच्या पातळीचा स्रोत द्यायचा.

पत्ता हाताने उतरवताना चुका होतात. मुख्य साइटचं नाव आणि पानाचं पूर्ण शीर्षक एवढंच लिहिलं तरी पान पुन्हा सापडतं. लांबलचक पत्ता हवाच असेल तर तो संगणकावरच जतन करावा.

१२ ऑगस्ट : छपाई

यादीत प्रत्येक नावापुढे क्यूआर. दोन अटी. क्यूआर स्थिर हवा, म्हणजे पत्ता थेट त्या चौकटीतच भरलेला. फुकट सेवांचे बदलते क्यूआर आधी त्यांच्या सर्व्हरवर जातात. मुदत संपली की छापलेली सगळी यादी वाया. आणि आकार २ सेंटिमीटरहून लहान नको, भोवती पांढरी चौकट सोडलेली. पत्ता जितका लांब तितके ठिपके दाट, म्हणून आतल्या पानाऐवजी विभागाच्या मुख्य पानाचा पत्ता घेतला. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा उजेड पडला की फोनला क्यूआर वाचता येत नाही, मॅट वापरायचं.

२० ऑगस्ट : देखभाल

दुवे मरतात, त्यामुळे दर तिमाहीला यादी तपासायची. तपासणी म्हणजे साइट उघडते का एवढंच नाही. कधी कधी पत्ता जिवंत असतो पण मालक बदललेला असतो. मुदत संपलेलं नाव दुसरा घेतो आणि तिथे जाहिरातींचं दुकान थाटतो. म्हणून ‘कोण चालवतं’ हा रकाना दर वेळी पानावर पाहून पुन्हा भरायचा, मागचा उतरवायचा नाही.

आतल्या पानांचे जे थोडे दुवे ठेवले आहेत त्यांची प्रत वेबॅक मशीनमध्ये ‘पान आत्ता जतन करा’ या सोयीने साठवली आणि तो पत्ता मूळ फाइलमध्ये शेजारी लिहिला. छापील यादीत तो घेतला नाही.

पुढची तपासणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा नव्या साइटची मागणी आली तर एक नाव काढूनच दुसरं घालायचं. पान एकच राहील. मागणी करणाऱ्याने ‘कशासाठी’ची ओळ स्वतः भरून द्यायची.